इंग्रजीत घाला, उर्दूत नको

मी आयुष्यभर पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं. पंप पेटीतून कसा काढायचा, पाया कसा घालायचा, पहिल्यांदा चालू करताना काय तपासायचं, आवाज आला तर काय करायचं. लिहायचो इंग्रजीत, कारण पंप आफ्रिकेत जायचे, आखातात जायचे आणि तिथला फिटर शाळेत चार-पाच वर्षं शिकलेल्या इंग्रजीवर काम भागवायचा. म्हणून माझी इंग्रजी साधी. एका वाक्यात एकच काम. धोक्याची सूचना कृतीच्या आधी, नंतर नाही. वाचणाऱ्याला मागचं पान उलटून बघावं लागलं, तर चूक माझी.

निवृत्त झालो आणि आठ महिन्यांत बायको गेली. मूलबाळ नव्हतं. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. सुरुवातीला लोक येत-जात होते, मग थांबले. त्यांचा दोष नाही, मीच कुणाशी फारसं बोलायचो नाही. पाव किलो भेंडी मला तीन दिवस पुरायची आणि पाव किलोपेक्षा कमी मागायची लाज वाटायची. आज दिवसभरात आपण कुणाकुणाशी बोललो, याची संध्याकाळी मनात उजळणी करायचो. दूधवाला. लिफ्टमधल्या बाई. एखाद्या दिवशी कुणीच नाही.

नमाज माझ्या वाटचीसुद्धा बायकोच पढते, असं मी ती असताना थट्टेनं म्हणायचो. ती गेल्यावर शुक्रवारी मशिदीत जायला लागलो, ते श्रद्धेपेक्षा चार माणसं दिसतात म्हणून. तिथे एकदा इमामसाहेबांनी विचारलं, "तुमची इंग्रजी चांगली आहे ना? कसब्यात एक मौलाना आहेत, वय झालंय त्यांचं. एक हस्तलिखित तपासून हवंय त्यांना. स्पेलिंग फक्त."

स्पेलिंग फक्त, म्हणून मी गेलो.

मौलाना कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीमागे राहायचे. खाली पुतण्याचं दुकान आणि बिऱ्हाड, वर यांची एक खोली. जेवणाचं ताट खालून वर यायचं आणि रिकामं खाली जायचं. वय ऐंशीच्या पुढे, अंगानं किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पत्नी चाळीस वर्षांपूर्वी गेलेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी दर रविवारी सकाळी मशिदीत दर्स दिला होता. दर्स म्हणजे धडा. कुरआनाचा थोडा भाग घ्यायचा आणि तो लोकांना उलगडून सांगायचा. अशा उलगडून सांगण्याला, भाष्याला, तफसीर म्हणतात. कुरआनाचे तीस भाग करतात. त्यातल्या शेवटच्या भागावरची आपली तफसीर त्यांनी उर्दूत लिहून ठेवली होती. सात जाड वह्या.

आमचं बोलणं उर्दूत सुरू व्हायचं, पण मौलाना कसब्यातच जन्मलेले. वाक्य अर्ध्यावर मराठीत शिरायचं आणि मराठीतच संपायचं.

मला तपासायला दिलेलं इंग्रजी भाषांतर त्यांच्या एका प्राध्यापक मित्रानं केलेलं होतं. तो मित्र वारला होता. मी घरी नेऊन वाचलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवातीला कुणाबद्दल बोलत होते ते विसरायला व्हायचं. मी पुढच्या आठवड्यात गेलो आणि बाड परत ठेवलं.

"स्पेलिंग बरोबर आहेत," मी म्हणालो. "पण हे कुणी वाचणार नाही."

मौलानांनी बाड जवळ ओढलं. मला वाटलं, दुखावले. मग म्हणाले, "माझ्या नातवंडांनीही नाही वाचलं."

त्यांची एकुलती एक मुलगी इंग्लंडात डॉक्टर होती. तिचं शिक्षण कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. उर्दू बोलायची, लिपी मात्र कधी नीट शिकली नाही. तिच्या मुलांना तर इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

"तुम्ही काय काम करत होतात?" त्यांनी विचारलं. मी पंपांचं सांगितलं. फिटरसाठी कसं लिहावं लागतं तेही सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"मग तुम्हीच करा," ते म्हणाले. "गुरुवारी या."

तेव्हापासून तीन वर्षं माझा गुरुवार ठरलेला होता. बसनं मनपापर्यंत, तिथून नवा पूल ओलांडून चालत. दहाला त्यांच्याकडे. ते वहीतली चार-पाच पानं वाचायचे, मी टिपणं काढायचो, अडलं की विचारायचो. घरी येऊन आठवडाभर त्याचं इंग्रजी करायचो. पुढच्या गुरुवारी मी लिहिलेलं इंग्रजी त्यांना परत उर्दूत सांगायचो, मग ते म्हणायचे, "हे मी म्हटलं नव्हतं," किंवा नुसतेच मान हलवायचे. मान हलली की पुढची पानं.

पहिली दहा पानं मी माझ्या पद्धतीनं केली. छोटी वाक्यं, क्रमांक घातलेले मुद्दे, अवघड शब्दांची यादी आधीच. मला ती आवडली होती. वाचून बघायला कुणीतरी हवं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये तीन मुली भाड्यानं राहायच्या. त्यातली एक अकोल्याची, खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. बायको असताना ईदला तिच्याकडे शीरखुर्म्याचा डबा जायचा, एवढीच ओळख. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काका, मला उर्दू वाचता येत नाही हं. अरबी नुसती पढता येते, अर्थ काही कळत नाही."

"म्हणूनच तुला देतोय," मी म्हणालो.

रविवारी ती पानं घेऊन आली. सोफ्याच्या टोकाला बसली.

"काका, सगळं क्लिअर आहे. कुठेच अडकले नाही. पण..."

"बोल."

"टर्म्स अँड कंडिशन्स वाचल्यासारखं वाटतं. नुसत्या सूचना. मला कोणी काही सांगतंय, असं वाटतच नाही."

मी तिला चहा दिला आणि ती गेल्यावर दिवसभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत राहिलो. तिचं खरं होतं.

मौलानांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही माझे 'काहींनी म्हटलं आहे' का गाळता?"

त्यांच्या वहीत पानोपानी हे यायचं. एखाद्या शब्दाचा अर्थ काहींनी असा घेतला, काहींनी तसा, आणखी एकानं तिसराच. मी त्यातला एक ठेवायचो आणि बाकीचे काढून टाकायचो, कारण फिटरला तीन मतं सांगून चालत नाही. झडप डावीकडे फिरवायची की उजवीकडे, ते एकदाच सांगायचं.

"वाचणारा गोंधळतो," मी म्हणालो.

"गोंधळू दे की. हजार वर्षं माणसं या एका शब्दापाशी बसून एकमेकांशी बोलत आली आहेत. तुम्ही त्यांना सगळ्यांना खोलीबाहेर काढता आणि एकट्या वाचणाऱ्याला आत बसवता. मग त्याला ते सूचनांसारखं वाटणार नाही तर काय?"

मी घरी जाऊन दहाच्या दहा पानं पुन्हा लिहायला घेतली. वाक्यं साधीच ठेवली, पण मतं सगळी परत आणली. कोण काय म्हणालं, आणि का. ते करताना माझ्या घरात थोडी वर्दळ झाल्यासारखं वाटायचं. ती पानं अकोल्याच्या मुलीनं वाचली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'आता कोणीतरी बोलतंय.' पुढे वर्षभर ती सगळं वाचत राहिली. जिथे अडेल तिथे उभी रेघ मारायची. मग तिला बंगळुरूला नोकरी लागली. जाताना तिनं तिची मनीप्लांटची कुंडी मला दिली. नंतरही ती फोनवर वाचून कळवायची, पण समोरचं दार आता बंद असायचं आणि मी जिन्यात पावलं वाजली की उगाच कान द्यायचो.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आम्ही एका छोट्या सूरेवर, म्हणजे अध्यायावर आलो. पैगंबरसाहेबांकडे काही काळ वही, म्हणजे ईश्वराचा संदेश, येईनासा झाला होता आणि लोक म्हणायला लागले होते की त्यांच्या पालनकर्त्यानं त्यांना सोडून दिलं. तेव्हाची ती सूरा. तिच्या शेवटच्या आयतींत, म्हणजे ओळींत, अनाथाबद्दल बजावलं आहे आणि लगेच पाठोपाठ 'साइल'बद्दल. साइलला झिडकारायचं नाही. जुन्या भाषांतरात साइलसाठी भिकारी असा शब्द होता. मौलानांनी मात्र वहीत दोन पानं या एका शब्दावर लिहिली होती. साइल म्हणजे मागणारा. काहींनी भाकर मागणारा म्हटलं आहे आणि काहींनी ज्ञान मागणारा, म्हणजे प्रश्न विचारणारा. अरबीत दोघांना शब्द एकच.

इंग्रजीत असा शब्द मला सापडेना. आठवडाभर शोधला. शेवटी एक शब्द सोडून तीन घेतले, ज्यांचा अर्थ होतो 'जो कुणी विचारेल तो'. इंग्रजीत मागण्याला आणि विचारण्याला एकच क्रियापद चालतं, त्याचा फायदा घेतला. गुरुवारी मौलानांना समजावून सांगितलं. त्यांनी ते तीन इंग्रजी शब्द स्वतः म्हणून बघितले, दोनदा.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. तीन वर्षांत एवढं कौतुक त्यांनी एकदाच केलं.

मग मी वहीच्या त्याच पानावर खाली बोट ठेवलं. तिथे एक परिच्छेद होता, पाच-सहा ओळींचा, आणि त्यावर आडव्या रेघा मारलेल्या. सात वह्यांत दुसरीकडे कुठेही खाडाखोड नव्हती. "हे घ्यायचं का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि वही मिटली. त्या दिवशी काम तिथेच थांबलं.

पुढचे दोन गुरुवार आम्ही दुसऱ्याच पानांवर काम केलं. तिसऱ्या गुरुवारी मी गेलो, तर ती वही उघडी होती.

"बसा," मौलाना म्हणाले. "सांगतो."

त्यांची मुलगी पंधरा वर्षांची असतानाची गोष्ट. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. मौलाना मशिदीत याच सूरेवर दर्स देत होते. बायका पडद्यामागे बसायच्या, तीही त्यांच्यात. अनाथांचा विषय चालला होता. मध्येच पडद्यामागून तिचा आवाज आला. तिनं विचारलं, ज्या मुलीची आई गेली आहे, तिलाही यतीम म्हणायचं का?

"यतीम कुणाला म्हणतात, तुम्हाला माहीत आहे?" मौलानांनी मला विचारलं.

"अनाथाला."

"शरियतमध्ये ज्याचा बाप गेला त्याला. बाप जिवंत असेल तर यतीम नाही." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी तेच सांगितलं. सगळ्यांसमोर. बाप जिवंत असताना कुणी यतीम नसतं. आणि वर म्हणालो, दर्स चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. आणि पुढच्या आयतीवर गेलो."

खालून भांड्यांवरचे ठोके ऐकू येत होते.

"उत्तर बरोबर होतं," मौलाना म्हणाले. "आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. पण त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. रागावली नाही, अबोला धरला नाही. डॉक्टर झाली, लग्न झालं, तिकडे गेली. दर शुक्रवारी फोन करते. बीपी किती, गोळ्या घेतल्या का, जेवण येतं का. एक शुक्रवार चुकवला नाही. पण विचारते ते फक्त तब्येतीचं."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "हा परिच्छेद इंग्रजीत घाला."

"आणि उर्दूत?"

"उर्दूत नको. माझ्या मागे उर्दू वह्या मोहल्ला वाचेल. इंग्रजी ती वाचेल."

मी खोडलेल्या रेघांखालचं वाचलं. तिथे लिहिलं होतं की एका वडिलांना त्यांच्या मुलीनं एक प्रश्न विचारला. प्रश्न काय होता तेही होतं. वडिलांनी तिला अचूक उत्तर दिलं, आणि त्या एका उत्तरात त्यांनी विचारणाऱ्यालाही झिडकारलं आणि अनाथालाही दुखावलं. पुढे एकच ओळ होती: ज्ञान असलेल्या माणसानं या दोन आयतींपासून स्वतःला जपावं.

"मौलाना," मी म्हणालो, "यात 'एक वडील' कोण?"

"एक वडील."

"वाचणाऱ्याला कळणार नाही. मी लिहिताना नेहमी कर्ता स्पष्ट ठेवतो. तुम्ही इथे 'मी' म्हणायला हवं."

"ज्याला कळायचं आहे त्याला कळेल."

"पण—"

"एक वडील," ते म्हणाले. आवाज न चढवता. मी त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं, त्यांना परत उर्दूत ऐकवलं, आणि मान हलली.

पुढच्या पावसाळ्यात मौलानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून त्यांना परत त्याच खोलीत आणलं. सात वह्यांपैकी साडेसहा झाल्या होत्या. मुलगी येऊन पंधरा दिवस राहून गेली. त्या दिवसांत घरात गर्दी असायची, मी लांबच राहिलो, आमची भेट झाली नाही. ती गेल्यावर मी गुरुवारी जायला लागलो. राहिलेली अर्धी वही मी एकट्यानं वाचत पूर्ण केली. विचारायला ते समोर होते, पण सांगू शकत नव्हते. मी इंग्रजीचं उर्दू करून ऐकवायचो. कधी मान हलायची, कधी ते खिडकीकडे बघत राहायचे.

आता जे सांगणार आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, मौलानांच्या मुलीशिवाय.

सगळा मजकूर एकत्र करून शेवटचं वाचन चाललं होतं. दुपारची वेळ होती. मी त्या परिच्छेदावर आलो आणि 'एका वडिलांना' काढून 'मला' घातलं. 'वडिलांनी' काढून 'मी'. पाच ठिकाणी बदल. दोन मिनिटांचं काम. मी स्वतःला सांगितलं, त्यांना हेच म्हणायचं होतं, त्यांना धीर झाला नाही एवढंच. मी सांगितलं, ती मुलगी चाळीस वर्षं वाट बघते आहे. पण खरं कारण यात सगळं येत नाही. 'मी' घातल्यावर ते पान फार चांगलं झालं होतं. आयुष्यात इतकं चांगलं पान मी लिहिलं नव्हतं. ते मला सोडवेना.

पुढच्या गुरुवारी मी सगळं बाड घेऊन गेलो आणि त्यांना सुरुवातीपासून ऐकवायला लागलो. दोन-तीन आठवडे चाललं ते. ती सूरा आली तेव्हा साइलवरची दोन पानं वाचली. ते डोळे उघडे ठेवून ऐकत होते. त्यानंतरचं पान मी न वाचताच उलटलं आणि पुढच्या सूरेला सुरुवात केली. मौलानांनी माझ्याकडे बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी कागदावरून मान वर केली नाही.

माघातल्या एका सकाळी ते गेले.

मुलगी तिसऱ्या दिवशी पोचली. साठीकडे झुकलेली, केस कापलेले, बोलणं हळू. पुतण्यानं माझी ओळख करून दिली. मी तिच्या हातात छापील पानांचं बाड दिलं. "तुमच्या वडिलांचं आहे," एवढंच म्हणालो. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला आणि ती विश्रांतवाडीला घरी आली. मी पाणी दिलं. ती बसली, पिशवीतून बाड काढलं, आणि खूण घातलेलं पान माझ्यासमोर ठेवलं. कुठलं ते मला न बघता कळलं.

"भाईसाहेब, एक विचारू?"

"विचारा."

"हे 'मी' त्यांनी म्हटलंय, का तुम्ही?"

तीन वर्षांत मी हजार प्रश्न विचारले असतील. असा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या मनात चटकन एक उत्तर तयारही झालं: अर्थ त्यांचा, इंग्रजी माझी. भाषांतर करणारे असंच म्हणतात आणि ते खोटंही नसतं.

"मी," मी म्हणालो. "ते 'एक वडील' म्हणाले होते. मी सांगून पाहिलं. ते नाही म्हणाले. त्यांची वाचा गेल्यावर मी बदललं, आणि त्यांना ते पान वाचून दाखवलं नाही."

तिनं पान स्वतःकडे ओढलं.

"मूळ आहे तुमच्याकडे?"

वह्या माझ्याकडेच होत्या. मी ती वही आणली. तिला लिपी येत नव्हती. तिनं आडव्या रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे त्यांनी खोडलंय?"

"हो. पण मग इंग्रजीत घाला म्हणाले. तुमच्यासाठी."

"वाचा."

मी वाचलं, जसं होतं तसं, उर्दूत. एकदा वाचून झाल्यावर तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा वाचताना 'एक बाप' या शब्दांशी तिनं डोळे मिटले.

"तसंच ठेवा," ती म्हणाली. "ते म्हणाले तसं."

"हो."

"तुम्ही असं करायला नको होतं."

"हो."

ती उठली, बाड पिशवीत घातलं. दारापाशी थांबली. "पण हे दोन दिवस..." ती म्हणाली, आणि शब्द शोधत राहिली. मराठीत सापडेना म्हणून उर्दूत वळली, तिथेही सापडेना. शेवटी म्हणाली, "हे दोन दिवस मला मिळाले, तेही तुम्हाला माहीत असू द्या."

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडून पाचही ठिकाणं पूर्ववत केली.

पुस्तक निघालं. पातळ कव्हर, पांढरा कागद, थोड्याच प्रती. मशिदीच्या कपाटात काही आहेत. बंगळुरूला गेलेल्या अकोल्याच्या मुलीनं ते इंटरनेटवरही चढवलं. तिकडून अधूनमधून अनोळखी माणसांची पत्रं येतात, मलेशियातून, कॅनडातून. बहुतेक आभाराची. मौलानांच्या मुलीचं पत्र चार महिन्यांनी आलं. तिनं आणि तिच्या धाकट्या मुलानं पुस्तक मिळून वाचलं होतं आणि तीन प्रश्न पाठवले होते. दोन मुलाचे होते. त्यांची उत्तरं मला वह्यांत सापडली, ती मी पाठवली. तिसरा तिचा होता, सहाव्या वहीतल्या एका शब्दाबद्दलच, आणि त्यावर वह्यांत काही नव्हतं. मला माहीत नाही, असं मी लिहिलं. तिचं परत पत्र आलं नाही. राग असेल असं वाटत नाही. इंग्लंडात माणसं कामात असतात.

तिचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. इमामसाहेबांना विचारला; ते म्हणाले, असं मौलानांनाच ठाऊक असायचं. कसब्यातली ती खोली पुतण्यानं माल ठेवायला घेतली आहे. गुरुवारी सकाळी मी आता लवकर आवरून बसतो आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात आल्यावर बाजारात चक्कर मारतो. शब्दकोश आणला आहे. त्यात त्या शब्दाचे सात अर्थ दिले आहेत, पण कुणी कुठला का घेतला, ते शब्दकोश सांगत नाही.

मागच्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं, कॅम्पातल्या एका मदरशात एक शिक्षक आहेत, वयानं तरुण, पण अभ्यास मोठा. मी फोन केला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मौलानांचं नाव ऐकलं होतं म्हणाले, लहानपणी एकदा त्यांच्या दर्सालाही बसले होते. सोमवारी दुपारी असरच्या नमाजनंतर मोकळा असतो, या, असं म्हणाले. मी सहावी वही आणि मौलानांच्या मुलीचं पत्र पिशवीत घालून ठेवलं आहे.